तिथं मला दिसतं

आमचा दादा आंधळा आहे, हे शाळेतल्या कित्येक पालकांना शेवटपर्यंत कळलं नाही. डोळे हळूहळू गेले, पण मास्तरांचा भूगोलाचा तास कधी बुडाला नाही. रस्त्यानं माझा हात घट्ट धरायचा आणि फाटकातून आत गेलं की झटकून टाकायचा. वर्गातली कार्टी नकाशा उलटा टांगायची, तर हा हात फिरवून म्हणायचा, "सरळ करा रे, समुद्र सांडतोय." मला सांगायचा, "अगं, तिथं मला दिसतं." मी म्हणायचे, हो तर, आणि घरात समोरचा चहाचा कप सापडत नाही.

मुलं कमी होत गेली, शाळा बंद पडली. नगरपालिकेनं तिथं करमणूक केंद्र करायचं ठरवलं. खाली बॅडमिंटन, वर कॅरम, म्हाताऱ्यांना बसायला एक खोली. चांगलंच आहे, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण दादाचं तिकडे जाणं सुटेना. भिंती फोडलेल्या, वायरी लोंबतायत, आणि हे महाराज रोज आत, तेही बिनकाठीचे. मी इकडे शिलाई मशीनवर बसलेली, जीव सगळा तिकडे. एकदा तर सुई बोटातच घुसली. शेवटी जाऊन ठेकेदाराला झापलं, "त्याला आत सोडत जाऊ नका." तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "ताई, माझेही मास्तर ते. मी त्यांना कसं अडवू?"

दादा जेवताना बोलायचा तो एवढंच. आज सातवीची भिंत गेली. आज पाण्याची टाकी गेली. घरातलं माणूस गेल्यासारखं सांगायचा आणि अर्ध्या ताटावरून उठायचा. मला वाटायचं, होईल सवय. कसली सवय आणि कसलं काय. आता तिथंही तो चाचपडत चालायला लागला. कपाळाला टेंगूळ, नडगी सोललेली. विचारलं की अंगावर यायचा. मग मीही विचारणं सोडलं, आणि ते फार वाईट केलं.

परवा दुपारी तो जेवायला आला नाही म्हणून मी शाळेत गेले. कामगार खाली डबे उघडून बसले होते. वरच्या मजल्यावरून मागच्या अंगणात उतरणारा लोखंडी जिना सकाळीच कापून नेला होता. दाराला आडव्या ठोकायच्या फळ्या अजून भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी वर पोचले तर दार सताड उघडं आणि दादा उंबऱ्यावर उभा. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या.

हाक मारावी तर दचकून पाय पुढे पडायचा. तोंडावर हात दाबून मी जवळ गेले, मागून त्याचा सदरा मुठीत धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. दोघंही सिमेंटच्या धुळीत आपटलो.

"अरे दादा, जिना नाहीये तिथं," मी रडतच म्हणाले. "कुणी सांगितलं नाही का तुला?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "कापत होते तेव्हा मी इथंच उभा होतो."

मग दार कशाला उघडलंस, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण उत्तराचीच भीती वाटली.

"सदरा सोड," तो म्हणाला.

मी सोडला नाही.