मुद्देमाल देवीच्या ताब्यात

ती घटना आठवली की आजही माझा हात सवयीने मिशीकडे जातो आणि अर्ध्या वाटेवरून मुकाट्याने परत येतो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यांतले निम्मे मी आणले आणि निम्मे आपोआप उघडकीस येत असताना मी तिथे हजर होतो, असे माझी बायको म्हणते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून घरी पाहुणे आले की तीच मला हा किस्सा सांगायला लावते, कारण यात मी सगळ्यांत जास्त चुकलो आहे. म्हणून या वेळी लिहूनच काढतो. लिहिताना निदान मधे कोणी बोलत नाही.

तेव्हा माझी नेमणूक रत्नागिरीत होती. मे महिना, सकाळचे अकरा. ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितले, "साहेब, एक परदेशी मुलगी आली आहे. रडत नाही, पण रडेल असं वाटतंय."

मुलगी व्हिएतनामची. वय एकवीस-बावीस, वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला. दोन दिवसांसाठी रत्नागिरीत आली होती आणि तीही समुद्रासाठी नाही, तर आपल्या जांभ्या दगडासाठी. पहिल्या दिवशी तिने मांडवीपासून बंदरापर्यंत घरांच्या भिंती पाहिल्या. लोक समुद्राचे फोटो काढत होते आणि ही समुद्राकडे पाठ करून कुंपणांचे काढत होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पालीच्या पुढच्या एका गावी चिरेखाण बघायला गेली. परत येऊन स्टँडवर उतरली तेव्हा पाठीवरची निळी बॅग नव्हती. बॅगेत पासपोर्ट आणि महिनाभर काढलेल्या चित्रांची वही. मोबाइल आणि तिकिटे तेवढी कमरेच्या पाकिटात राहिली होती.

संध्याकाळी सहाच्या गाडीने तिला मुंबई गाठायची होती आणि पहाटे तिचे विमान होते. त्यानंतर दोन दिवसांनी कॉलेजात प्रकल्पाचे सादरीकरण. ते चुकले तर वर्ष गेले आणि वर्षाबरोबर शिष्यवृत्तीही. पासपोर्ट हरवल्याचा दाखला मी तासाभरात दिला असता, पण नवीन कागदपत्रे मिळेपर्यंत आठवडा सहज गेला असता.

"बॅग शेवटची कुठे पाहिली?" मी इंग्रजीत विचारले.

"बसमध्ये. वरच्या फळीवर ठेवली होती. नक्की."

हे 'नक्की' मी जबाबात उतरवून घेतले आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. तक्रार देणारा सहसा खोटे बोलत नाही, पण त्याला जे आठवते त्यातले निम्मे त्याने घाबरल्यावर जुळवलेले असते, हे मी नव्या पोरांना प्रशिक्षणात शिकवीत असे. स्वतः विसरलो.

बॅगेतल्या वस्तूंची यादी केली: पासपोर्ट, वही, पेन्सिली, टॉवेल, पाण्याची बाटली. "आणखी काही?" ती क्षणभर थांबली, माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे बघून म्हणाली, "नाही." ते थांबणे माझ्या लक्षात आले होते. पण त्याचा मी काय अर्थ लावला, तर बिचारी दमली आहे.

एसटीच्या कंडक्टरला फोन लावला. त्याने खबर दिली. निळी, मोठी, पाठीवरची बॅग घेतलेला एक माणूस पालीला उतरला होता. "मागे न बघता गेला, साहेब." मागे न बघता! मी टोपी घातली. मुलीला जीपमध्ये मागे बसवले, शेजारी आमचे हवालदार. हे हवालदार जन्माने पालीकडचे आणि स्वभावाने मितभाषी. रस्ताभर मी मुलीला आमच्या तपासाची पद्धत समजावून सांगत होतो. आता आठवले तरी कान गरम होतात.

माणूस सापडला. पालीच्या नाक्यावर मुंबईच्या बसची वाट बघत उभा होता, निळ्या बॅगेसह. मुलगी जीपमध्येच बसली होती. तिला विचारावे, बॅग दाखवावी, हे साधे काम मी आधी करायला हवे होते. पण तपास रंगात आला की माणूस साधी कामे नंतरसाठी ठेवतो. मी त्याला चौकीत नेऊन समोर बसवले.

"बॅग कोणाची?"

"माझी."

"घेतली कुठून?"

"दादरला, सायेब."

"आत काय आहे?"

"ता मला ठाव न्हाय."

मी हवालदारांकडे विजयी नजरेने पाहिले. स्वतःच्या बॅगेत काय आहे हे माहीत नसलेला माणूस! "तुझ्या बॅगेत काय आहे ते तुला ठाऊक नाही?"

"आईनं भरलीय. ती मला बघू देत न्हाय. म्हणते, मुंबईला जाऊन उघड."

पंचांसमक्ष बॅग उघडली. आमसुले, कुळथाचे पीठ, सहा नारळ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फणसपोळी आणि सगळ्यांत खाली दोन पिशव्यांत बांधलेली सुकट. तिचा वास चौकीभर पसरला. पंचांपैकी एक जण म्हणाला, "सुकट चांगली आहे हो, कुठनं घेतली?" तपासाची एवढी शोभा माझ्या उभ्या नोकरीत झाली नव्हती.

तेवढ्यात मुलीने दारातून डोकावून सांगितले, "ही माझी नाही. माझी लहान आहे."

त्या चाकरमान्याची बस तोवर निघून गेली होती. मी त्याची माफी मागितली आणि पुढच्या बसमध्ये जागा मिळवून दिली. बसमध्ये चढताना तो एवढेच म्हणाला, "सायेब, घरी चौकशीला जाल तर आईला पोलीस म्हणून सांगू नका. ती घाबरंल."

दुपारचा दीड वाजला होता. मुलगी जीपच्या पायरीवर बसून तिकिटाकडे बघत होती. मी हवालदारांना म्हटले, "आता संशयित कोण राहिला?"

"संशयित कोणीच नाही, साहेब. बॅग देवळात आहे."

"काय?"

"गावच्या थांब्यावर बाकड्यावर राहिली होती. कोणीतरी उचलून देवळात नेऊन ठेवली. आत्ताच बहिणीला फोन केला. ती त्याच गावात दिलेली आहे."

"अहो, मग सकाळीच का नाही केलात?"

"तुम्ही विचारलंत, बॅग कोणी नेली असेल. कुठे असेल हे विचारलं नव्हतं."

मी त्यांना रागावणार होतो. पण ते खरे बोलत होते, आणि रागावायलाही वेळ नव्हता.

गाव वीस मिनिटांवर. देऊळ कौलारू, थंड, समोर जांभ्याचे स्वच्छ अंगण. आत खांबापाशी निळी बॅग ठेवलेली. तिला हळदकुंकू लावून वर जास्वंदीचे फूल ठेवले होते. मुलीने ते पाहिले आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. गुरव साठीचे, बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी मला नमस्कार केला आणि बॅग आणि मी यांच्यामध्ये येऊन उभे राहिले.

"गुरवकाका, ही मालकीण. बॅग द्या, हिची गाडी आहे."

"द्यायला मी कोण, सायेब? आईच्या पायाशी ठेवलेली वस्तू. आईला विचारायला लागंल." मग मुलीकडे वळून म्हणाले, "आदी मला सांग पोरी, पिशवीत काय काय हाय?"

मी भाषांतर केले. तिने यादी सांगितली.

"ता झाला. पण पिशवी एवढी जड कशानं?"

मुलीने पुन्हा माझ्या खांद्याकडे बघितले. मग गुरवांकडे बघत हळूच म्हणाली, "दगड आहे."

तोवर जमलेली पंचवीस-तीस माणसे हसली. ती मात्र गंभीरपणे सांगत राहिली. तिचे आजोबा गवंडी. त्यांच्या गावातली घरे, विहिरी, पाणवठे, सगळे याच दगडाचे. त्याला छिद्रे असतात म्हणून त्यांच्या भाषेत त्याला मधमाशीचा दगड म्हणतात. आजोबांचा विश्वास बसत नव्हता की समुद्रापलीकडे दुसऱ्या कोणाच्या अंगणात हाच दगड असेल. म्हणून खाणीतला एक तुकडा त्यांच्या हातात द्यायला घेतला. "पोलिसांना सांगितलं नाही," ती म्हणाली, "दगड नेणं गुन्हा असेल, असं वाटलं."

मी हे मराठीत सांगितले तेव्हा शेवटचे वाक्य गाळावेसे वाटले. गाळले नाही.

"बराबर," गुरव म्हणाले. "दगडच हाय. पिशवी हिचीच." आणि त्यांनी कौल लावला. मूर्तीवर उजव्या-डाव्या बाजूला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर द्यायची, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणे घातले, "आई गावदेवी, ही परमुलखातली लेक तुझ्या दारात आली हाय, तिची वस्तू तिला गावू दे, तिची वाट सुखाची होऊ दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पाकळी हलेना. पाच मिनिटे, दहा, वीस. पुन्हा गाऱ्हाणे, पुन्हा वाट. साडेतीन वाजले. मुलगी खांबाला टेकून शांत बसली होती, पण तिचा अंगठा मोबाइलवरची वेळ सारखी उजळत होता. माझ्या हातात कायदा, जीपमध्ये पंचनाम्याचे कोरे कागद. तीन पावले पुढे टाकली असती तर काम झाले असते. मी एक टाकलेही.

हवालदार कानाशी आले. "उचलाल, साहेब. तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण पुढच्या वेळी कोणाला काही सापडलं तर ते देवळातही येणार नाही."

मी पाऊल मागे घेतले. गुरवांना विचारले, "आई का थांबली आहे, काका?"

त्यांनी चष्मा पुसला. "आईचं मी कसं सांगू? पण ज्यानं पिशवी आणली, तो सांगून गेलाय, 'गुरवानू, माझं नाव घेऊ नका, मला पोलिसात न्हाय जायचं.'"

मी टोपी काढली. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. मोठ्याने बोललो, देवीला की माणसांना हे अजून सांगता येत नाही. "ज्याने बॅग आणून ठेवली त्याचं नाव मी विचारणार नाही. त्याचा जबाब घेणार नाही. त्याला ठाण्यात बोलावणार नाही."

"व्हय म्हाराजा!" गर्दी म्हणाली. मागच्या बाजूने एक आवाज इतरांच्या आधी आला आणि जरा जास्तच मोठा होता.

आणि उजवी पाकळी पडली.

बायको म्हणते, पाकळी सुकली म्हणून पडली. असेल. त्या क्षणी मला तिची चौकशी लावायची इच्छा नव्हती. मुलीने बॅग छातीशी धरली, गुरवांना वाकून नमस्कार केला आणि वर ठेवलेले जास्वंदीचे फूल वहीत घातले. दगडाबद्दलचा नियम मला काही आठवला नाही, आणि आठवायचा मी प्रयत्नही केला नाही.

बाहेर पडताना त्या मोठ्या आवाजाच्या माणसाकडे बघितले. पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, हाताला चिऱ्यांची लाल धूळ. ओळखले मी त्याला. दोन पावसाळ्यांपूर्वी एसटी स्टँडवर सापडलेला मोबाइल घेऊन तो माझ्या ठाण्यात आला होता. ऐन लावणीचे दिवस. "एवढ्या माणसांत तुलाच बरा सापडला?" असे विचारून मी त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले होते आणि मग सहीसाठी आणखी तीनदा बोलावले होते. त्या वेळी मला तो बारकाईने केलेला तपास वाटला होता.

मी हात जोडले. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सायेब, तो बाक हाय काय अजून?"

"आहे."

"मग एकदा बसून बघा त्यावर."

मुलीला सहाची गाडी मिळाली. प्लॅटफॉर्मवर तिने माझा हात हातात घेऊन आभार मानले आणि विचारले, "आमच्याकडेही अशी देवळं आहेत. पण सापडलेली वस्तू लोक तुमच्या पोलीस ठाण्यात का आणत नाहीत?" मी म्हटले, गाडी सुटेल, चढ.

दुसऱ्या दिवशी मी खरेच त्या बाकावर बसलो. एकच तास. बाकाची एक फळी मधोमध चावते, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्याने मला निलंबित झालो आहे असे समजून धीर दिला. पाणी कोणी विचारले नाही. तासाभराने उठलो, फळी बदलायला सांगितली आणि तोंडी हुकूम दिला की सापडलेली वस्तू घेऊन जो येईल त्याला पाणी द्यायचे, पोच द्यायची आणि दहा मिनिटांत मोकळे करायचे. 'तुलाच कसा सापडला' हा प्रश्न माझ्या ठाण्यात बंद.

मी चोर पकडायला शिकलो होतो आणि त्यात फार वाईट नव्हतो, हे आजही छातीठोकपणे सांगतो. पण चोरापेक्षा प्रामाणिक माणसाशी पोलिसाची गाठ जास्त वेळा पडते, आणि त्याच्याशी कसे वागायचे याचा धडा कोणी शिकवीत नाही. माणसे आपला प्रामाणिकपणा सोडत नाहीत. फक्त पोलिसांच्या दाराला वळसा घालून जातात, आणि आपण ठाण्यात बसून म्हणतो की जग बिघडले.

बदली होण्याच्या थोडे आधी तो माणूस ठाण्यात आला. हातात कोणाची तरी छत्री. मी दारातच होतो.

"किती येळ लागंल, सायेब?"

"दहा मिनिटं."

तो बाकावर जाऊन बसला, नव्या फळीवरून हात फिरवला, मान हलवली. आठव्या मिनिटाला पोच घेऊन निघाला. नोंदवहीत नावाच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'अनोळखी इसम' असे लिहिले. देवीला शब्द दिला होता, आणि तो एका बॅगेपुरता होता असे मी म्हटले नव्हते.