अल्पाकाची म्होरकी

"हट्टी आहे. परत देऊन टाकू," असं आमच्या काळ्या अल्पाकाबद्दल घरात सगळ्यांचं ठरलं होतं. सगळे म्हणजे नवरा आणि पुण्याहून आलेले सासरे. मला कोणी विचारलंच नाही.

इथे अमेरिकेत, रेडमंडपासून तासाभरावर आम्ही थोडी जागा घेतली, दोन अल्पाका घेतले, उंटाच्या कुळातली लोकरीची जनावरं. पांढरा शहाण्यासारखा चालायला शिकला. काळा मात्र म्होरकी, म्हणजे तोंडावर चढवायचा पट्टा आणि दोर, दिसली की भिंतीला चिकटून थरथरायचा. विकणारा म्हणाला होता, दोराने चालेना तर शनिवारी ट्रेलर आणून परत नेतो. परत आलेली जनावरं तो खाटकाला देतो, हेही त्याने लपवलं नव्हतं.

"यार, आपण ट्राय केलं ना," नवरा म्हणाला. आपण? शेडमध्ये चिखल तुडवायची मी, हा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये.

सासऱ्यांनी तरुणपणी गावाकडे बैल वळवलेले. वेसण घातली की जनावर मुठीत, एवढंच त्यांना ठाऊक. एका सकाळी त्यांनी म्होरकीचा पट्टा थेट नाकपुड्यांपर्यंत ओढून आवळला. काळा उधळला, थुंकला आणि शेवटी पाय दुमडून खालीच बसला. तोंड उघडं, घशातून कण्हणं.

माझं डोकं फिरलं. "बाबा, सोडा त्याला. तो नाकानेच श्वास घेतो. नाकाचं हाड फक्त वर आहे, डोळ्यांजवळ. खाली सगळं मऊ. पट्टा तिथे आला की त्याचा जीव गुदमरतो."

"लाडाने जनावर वळत नाही, पोरी."

"नाही वळलं तर नाही. श्वास तरी घेऊ द्या."

त्यानंतर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. धरा म्हटलं. गुदमरणाऱ्याला हट्टी म्हणायची लोकांना खोडच असते. मी नोकरी सोडली तेव्हा मलाही हेच म्हणाले होते.

मी पट्टा वर, डोळ्यांच्या जरा खाली बसवायची. कुरवाळणं नाही, टक लावून बघणं नाही. त्याने माझ्याकडे पाऊल टाकलं की लगेच दोर सैल सोडायची. सैल दोराला घाबरण्यासारखं काही नसतं, हे त्याला हळूहळू पटलं.

शनिवारी ट्रेलर आला. काळा माझ्यामागून अंगणात आला. तेवढ्यात ट्रेलरची फळी धाडकन पडली आणि त्याने हिसका दिला.

"दोर खेच!" नवरा ओरडला.

नाही खेचला. उलट ढील दिली. पळाला असता तर सगळं संपलंच होतं. तो दोराच्या टोकापर्यंत गेला, थांबला, आणि परत येऊन माझ्या पाठीशी उभा राहिला.

सासरे पायऱ्या उतरून आले. काळ्याच्या बाजूला उभं राहून त्यांनी हिसक्याने घसरलेल्या पट्ट्याखाली बोट घातलं आणि तो सावकाश वर सरकवला, डोळ्यांजवळ.

मग नवऱ्याला म्हणाले, "त्या ट्रेलरवाल्याला जा म्हणावं."