सवडीने बघा

नगरपालिकेत येणारी पत्रं आता कॉम्प्युटर वाचतो आणि शब्द पाहून तातडीची, साधी, आभाराची असे गठ्ठे करतो. त्याला शिकवायचं काम माझ्याकडे आहे. तरी आमच्या जुन्या क्लार्क सुमनताई रोज आभाराचा गठ्ठा स्वतः चाळतात. काल त्यांनी त्यातलं एका आजींचं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

‘तुम्ही सगळे फार कष्ट घेता. मागे आलेला फिटर फार भला होता. आठ दिवस झाले, नळाला पाणी नाही. शेजारचे दोन कळश्या देतात. घाई नाही, सवडीने बघा.’

“तक्रार करायला लाजणारी माणसं याच गठ्ठ्यात सापडतात,” सुमनताई म्हणाल्या.

मला आई आठवली. दवाखान्यात ती आधी डॉक्टरांच्या मुलांची चौकशी करायची आणि छातीतलं दुखणं सांगायची ते निघताना, चप्पल घालता घालता, तेही हसत. अशा माणसांचं ऐकायला समोरच्याला थोडं थांबावं लागतं. आम्ही तर कॉम्प्युटर वेळ वाचवायला आणला होता.

मी पाणीपुरवठा विभागाला फोन केला. मग ते पत्र कॉम्प्युटरला पुन्हा दाखवलं, ‘सवडीने बघा’ या शब्दांवर खूण केली आणि पुढे लिहिलं, तातडीचे.