चांगल्या मिरचीने अडवलेली एम.एस्सी.

नंदुरबारच्या मिरची बाजारात मी कडक इस्त्रीची वर्दी चढवून गेलो आणि तिथेच माझ्या एम.एस्सी.चं घोडं अडलं. मला वाटलं होतं, लष्करी अंमलदार बघून व्यापारी झटपट काम करतील. केलं की! नको तेवढं केलं.

लढाईचे दिवस होते. मी फौजेच्या रसदखात्याच्या प्रयोगशाळेत होतो. डाळ, पीठ, मसाले तपासून पास करायचे, हे माझं युद्ध. घरी कुणी शौर्याचं विचारलं की मी विषय बदलत असे. त्याच नोकरीत मी एम.एस्सी.चा प्रबंध धरला होता: वाळलेल्या मिरचीचा लाल रंग का उडतो? त्यासाठी चांगली मिरची हवी होती, आणि दव खाऊन पांढरी पडलेली, म्हणजे आमच्याकडची 'फटकी'ही. गोऱ्या साहेबाने आठवड्याची रजा दिली होती. वर बजावलं होतं, या हंगामात दुसरी नाही. फटकीशिवाय परतलो असतो तर प्रबंध तिथेच संपला असता.

मिरच्या वाळत घातलेल्या मैदानात पाय ठेवला तशी खुर्ची आली, चहा आला.

"साहेब, मिलिटरीले कितला माल जोयजे?" एका व्यापाऱ्याने विचारलं.

"थोडाच. पण मला फटकी पाहिजे."

त्याने कानाला हात लावला. "फटकी? आमनाकडे? साहेब, कोनी चुगली करी का?"

"अहो, अभ्यासासाठी!"

"हां, हां, समजनं," तो म्हणाला, आणि एकेक निवडून कुंकवाच्या रंगाची मिरची माझ्या पिशवीत भरू लागला. पुढच्या वखारीतही तेच. मी विज्ञान समजावत होतो, ते मला धाड समजत होते.

घरी बायकोला सांगितलं तर तिला हसू आवरेना. "फटकी मांगशात तं कोन दी? बाबानं धोतर नेसा, टोपी घाला, आनि चांगली मांगा."

"चांगली आहे की माझ्याकडे."

"मांगी तं दखा!"

दुसऱ्या दिवशी वडिलांचं धोतर एका हाताने सावरत मी दुसऱ्याच व्यापाऱ्याकडे गेलो. "शेठ, एक नंबर माल द्या," म्हणालो. भावावरून थोडी घासाघीसही केली. त्याने मला टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं.

"दादा, तुम्हले कसाले खोटं सांगू? घरना खावाना माल शे हाऊ."

तो माप घालत होता तेव्हा मी पोत्यात डोकावलोही नाही. यात डावपेच नव्हता. धोतर सुटत होतं.

घरी येऊन पोतं चादरीवर ओतलं. वर चार मुठी लालभडक, आणि खाली सगळी फटकी! पिवळी, पांढरी, ठिपक्यांची. माझ्या टिपणात नव्हते तेही प्रकार. मी चादरीभोवती नाचायचाच बाकी राहिलो. त्याच नमुन्यांवर एम.एस्सी. झाली आणि पुढे, वर्दीत असतानाच, डॉक्टरेटही. होणार याबद्दल मला शंका कधीच नव्हती.

त्या दिवशी नमुन्यांच्या बाटल्या भरता भरता मी बायकोला म्हणालो, "बघ, असा माल उभ्या हिंदुस्थानात कुणाला मिळाला नसेल!"

"इतला वरीस तुम्ही बजारमधून वांगा, भेंड्या असाच आनतस," ती म्हणाली. "मी उगाच तुमनावर कावत ऱ्हायनू. एम.एस्सी. चालू शे, हाई माले कोनी सांगंच नही!"