मोफत शाळेचे इतिहासकार

पुण्यात स्वतःला इतिहाससंशोधक म्हणवणारे पुष्कळ. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका बिनकामाचा संशोधक या शहरात दुसरा झाला नसेल. आयुष्यभर तार ऑफिसात लोकांची सुखदुःखं दहा शब्दांत कोंबणारा हा माणूस निवृत्त झाला आणि आमच्या पेठेतल्या जुन्या मोफत शाळेचा इतिहास लिहीत सुटला. चारशे पानं झाली तरी शाळेचा पाया काही भरून होईना. नुसत्या चुन्यात गूळ किती घातला यावरच तीस पानं! ऐकवायला त्यांना कोणीही चाले, अपमान करायलाही. माझ्या व्याह्यांनी एकदा सहज विचारलं, "ही शाळा इंग्रजांनीच काढली ना?" काका म्हणाले, "आपण इतिहास जिथे शिकलात, तिथली फी परत मागा." व्याही त्यानंतर आमच्याकडे जेवायला आलेले नाहीत.

गेल्या वर्षी इमारत धोकादायक ठरवून पाडायची नोटीस लागली. मुख्याध्यापिका जिना चढून आल्या. "काका, सुनावणीत वाचायला दोन पानं लिहून द्या. नाहीतर मुलांना लांबच्या शाळेत पाठवतील, आणि निम्मी घरीच बसतील."

"बाई, दोन पानांत रेशनकार्ड मावतं. शाळा नाही."

सुनावणीला ते चारशे पानांची बॅग घेऊन निघाले. ती उचलायला अर्थातच मी. सुनावणी घेणाऱ्या पालिकेच्या साहेबांनी घड्याळाकडे बघत विचारलं, "आजोबा, थोडक्यात सांगा. या शाळेनं केलं काय?" काकांनी बॅग उघडली, पानं चाळली. आता गूळ निघणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी बॅग मिटली.

"मला शिकवलं," ते म्हणाले. "आई बाजारात मिरच्या निवडायची. इतर शाळांनी आधी फी विचारली. इथे नाव विचारलं."

वीस वर्षांच्या शेजारात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. साहेबांनी ते लिहून घेतलं, आणि महिन्याभराने पाडण्याऐवजी दुरुस्तीचा हुकूम निघाला.

सुनावणीहून परतताना रिक्षात काका बाहेर बघत म्हणाले, "आईच्या लुगड्याला मिरचीचा खकाणा असायचा. लोकांना ठसका लागेल म्हणून पालकसभेला ती दारातच उभी राहायची. गुरुजी उठून तिला आत आणायचे, खुर्ची द्यायचे. हे कुठल्या प्रकरणात घालावं, ते मला अजून कळत नाही."