गळ्यातल्या किल्ल्या आणि टेकडीचे थर

कॉलेजच्या वर्गात वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्यांना काकू म्हणायला सुरुवात कुणी केली ते कुणालाच आठवत नाही. एकदा हजेरी घेताना प्राध्यापकच ‘काकू’ म्हणून गेले आणि नावाचा विषय तिथेच संपला.

काकू एका शाळेत हंगामी शिक्षिका होत्या. दर सुट्टीआधी निरोप आणि सुट्टी संपली की बोलावणं, अशी नोकरी. दगड, माती, भूकंप, हवामान हा विषय वर्षानुवर्षं त्याच शिकवत आल्या होत्या. मग नियम आला की हा विषय शिकवायचा तर भूविज्ञान आणि शिक्षणशास्त्र अशी जोडपदवी हवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “या सुट्टीपर्यंत तुमची जागा धरून ठेवते. पुढचं माझ्या हातात नाही.”

जोडपदवी म्हणजे एका तिकिटात दोन प्रवास, असं काकूंना आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन घरची सून झाल्यासारखं झालं. काम दोन्हीकडे, कौतुक कुठेच नाही. एका इमारतीत खनिजं ओळखा, दुसऱ्या इमारतीत पाठाची टाचणं दाखवा, आणि मधलं आवार ओलांडताना डबा खा. सकाळी डोळे उघडले की त्या एवढंच म्हणायच्या, “देवा, उठव.” याहून जास्त मागून त्याला त्रास द्यायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सगळं रेटत रेटत पार पडलं. राहिल्या दोन गोष्टी. टेकडीवर आठवडाभर राहून स्वतः मोजून काढलेला खडकांचा नकाशा, आणि त्यानंतर परीक्षकांसमोरचा शेवटचा पाठ. नकाशा पास झाल्याशिवाय पाठाला उभं राहता येत नाही. काकूंचं घोडं इथेच अडणार होतं.

घरी सासूबाई होत्या. नवरा लांब पल्ल्याची मालगाडी चालवायचा, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. सासूबाईंना विसर पडायला लागला होता. एकदा गॅस चालू ठेवून त्या शेजारी गप्पा मारायला गेल्या, एकदा औषधाच्या गोळ्या दोनदा घेतल्या. तेव्हापासून स्वयंपाकघर, औषधांचं कपाट, कपड्यांचं कपाट, बाहेरचं दार, सगळ्याला कुलूप. जुन्या लोखंडी किल्ल्यांचा जुडगा काकूंनी दोरीत ओवून गळ्यात अडकवला. सासूबाई दिवसभर मागे लागायच्या, “अगं, किल्ल्या दे की जरा.” आणि काकू म्हणायच्या, “देते हं आई.” द्यायच्या मात्र नाहीत.

टेकडीच्या आठवड्यासाठी नणंद येऊन राहिली. काकू परतल्या तेव्हा ती दारातच उभी.

“वहिनी, गळ्यात काय आहे तुझ्या?”

काकूंनी हात लावून पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. सवयीने किल्ल्या बरोबर गेल्या होत्या.

“आठवडाभर दोन्ही कपाटं बंद! औषधं नवी आणली, आईला माझे गाऊन घातले मी. स्वयंपाकघराचं कुलूप दगडानं तोडलं. तू तिकडे दगड फोडत होतीस ना, मी इकडे.”

“वन्सं, चुकलं हो.”

“चुकलं म्हणे. ते लोढणं घेऊन झोपतेस का गं?”

झोपायच्याच. त्यांनी घाईने जाऊन आधी कपाट उघडलं.

कॉलेजात नकाशे काढायला सगळे एका लांब टेबलाशी बसले. टेकडीवर काम असं असतं: खडकाच्या उघड्या थरावर वाकायचं, होकायंत्र त्याला टेकवायचं, थर कुठल्या दिशेला धावतो आणि किती कलतो ते मोजायचं. अशा जागा नकाशावर मांडून रेघा जोडल्या की टेकडीच्या पोटात काय आहे ते दिसतं. काकूंच्या रेघा मात्र जुळेनात. एक थर दुसऱ्याला छेदून जात होता, तिसरा भलतीकडे वळत होता.

शेजारी त्यांची टेकडीवरची जोडीदारीण बसली होती. अखंड चिवचिवायची म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. ती वाकून बघायला लागली.

“काकू, हे थर आहेत की भांडणारे भाऊ?”

“गप गं. मोजलं तसं काढलंय.”

चिमणीने आपली वही हळूच सरकवली. “माझे आकडे घ्या. आपण बरोबरच होतो की. दगडोबांना काय कळतंय?”

दगडोबा म्हणजे टेकडीवर नेणारे सर. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

काकूंनी वही जवळ ओढली. खोटं कशाला सांगा, पेन्सिलीला टोकही काढलं. अंग इतकं आंबलं होतं की बरंवाईट ठरवायचंही त्राण नव्हतं. पहिला आकडा उतरवला. मग वाटलं, शेवटच्या पाठात आपण पोरांपुढे उभं राहून सांगणार, बाळांनो, जे दिसेल तेच लिहा. त्यांनी आकडा खोडला आणि होकायंत्र पिशवीत टाकून त्या घरी आल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात टेबलावर होकायंत्र ठेवून त्या नुसत्या बघत बसल्या. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर सुई शहाण्यासारखी स्थिर होती. सासूबाई आल्या.

“अगं, किल्ल्या दे की.”

“देते हं आई,” म्हणत काकू टेबलावरून पुढे वाकल्या. जुडगा लोंबकळत यंत्रापाशी आला, आणि सुई सर्रकन फिरली. काकू मागे झाल्या, सुई जागेवर. पुन्हा वाकल्या, पुन्हा फिरली.

सासूबाई कौतुकाने बघत होत्या. “माझ्यासारखीच आहे की ही. किल्ल्या दिसल्या की वळते.”

काकूंना हसावं की रडावं कळेना. आठवडाभर प्रत्येक थरावर त्या अशाच वाकल्या होत्या.

दगडोबांनी ऐकून घेतलं.

“बाई, लोखंड लांब ठेवा, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.”

“हातोडा लांब ठेवला होता सर. किल्ल्या अंगाचाच भाग झाल्यात, त्या लक्षातच आल्या नाहीत.”

“आणि डोळ्यांना दिसत नव्हतं, थर कुठे धावतोय ते?”

“दिसत होतं. पण यंत्रापुढे आपलं काय चालणार, असं वाटलं.”

“हा नकाशा मी घेऊ शकत नाही. सोमवारी नकाशे जमा होतायत. टेकडीचा पायथा कापून रस्ता काढलाय, तिथे बहुतेक थर उघडे आहेत. तेवढे पुन्हा मोजून आणलेत तर बघू. पण एकट्यानं जायचं नाही, बरोबर कुणीतरी हवं, हा नियम आहे.”

“विद्यार्थीच हवा?”

“माणूस हवा,” दगडोबा म्हणाले.

चिमणी गावी निघून गेली होती. नणंदेने तर फोनवरच हात जोडले, “मला आता तुझ्या घरातही बोलावू नकोस आणि डोंगरावरही.” सासूबाईंना एकटं ठेवून जाता येत नव्हतं, आणि काकूंना एकटीने जाताही येत नव्हतं. रविवारी सकाळी काकूंनी पिशवीत पाणी, होकायंत्र आणि घडीची खुर्ची घेतली आणि सासूबाईंचा हात धरून बस गाठली.

रस्त्याच्या कडेला झाडाखाली खुर्ची मांडली. काकूंनी गळ्यातली दोरी काढली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

“माझ्याकडे? सगळ्या?”

“सगळ्या. आणि इथून उठायचं नाही हं आई, किल्ल्या सांभाळायच्यात.”

सासूबाई खजिनदारासारख्या ताठ बसल्या. काकू थरावर वाकल्या. गळा इतका हलका लागत होता की दोन-तीनदा हात आपोआप तिथे गेला. सुई थरथरली, थांबली. डोळ्यांना थर जिकडे धावताना दिसत होता, या वेळी यंत्रही तीच दिशा म्हणालं. उन्हाचं वाकून वाकून कंबर भरून आली. दर खेपेला मागून हाक यायची, “आहेत गं, आहेत!”

सोमवारी दगडोबांनी नकाशावर सही केली, ‘किल्ल्या?’ एवढंच विचारलं, आणि शेवटच्या पाठाची तारीख दिली.

पण रविवारी त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दोघी घरी पोचल्या तेव्हा काकूंचे पाय उचलत नव्हते. दारापाशी त्यांनी हात पुढे केला.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या, “मी उघडते.”

त्या एकेक किल्ली लावून बघू लागल्या. औषधाच्या कपाटाची लावली, मग कुठल्या तरी विकून टाकलेल्या ट्रंकेची, मग पुन्हा कपाटाचीच. काकूंना बरोबर किल्ली दिसत होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसल्या, आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.