कारखाना चालवायला शिकलो ती दोन वर्षं

जुने वर्गमित्र भेटले की किस्से निघतातच. आमचा वर्ग अकराजणांचा. आता भेटायला चौघंच येतो, पण किस्से काही कमी झालेले नाहीत. उलट जो जातो, तो आपले किस्से आमच्या गळ्यात टाकून जातो. माल साठत चाललाय आणि ऐकणारे कमी, अशी गत!

लढाईच्या दिवसांत सांगलीत कारखाना व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा कोर्स निघाला होता. सकाळी कॉलेजात थिअरी, दुपारी जवळच्या नांगरांच्या कारखान्यात प्रॅक्टिकल. शिकवायला लेले सर. विलायतेत शिकून आलेले. धोतर, कोट आणि कोटाच्या खिशात स्टॉपवॉच! पहिल्याच दिवशी म्हणाले, "जगात आळशी माणूस नसतो. वाईट प्लॅनिंग असतं!"

आम्ही ते वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघाही मारल्या.

* * *

फाउंड्रीत तात्या नावाचे मिस्त्री ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. साठीच्या घरातले, दिवसभर उकिडवे बसून काम. एका दुपारी त्यांच्या कामाची वेळ मोजायला सरांनी मला उभं केलं.

तात्यांनी एक साचा पुरा केला, गुडघ्यावर हात ठेवून उठले, कोपऱ्यातल्या माठाकडे गेले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. मी लिहिलं, 'पाणी: चार मिनिटं वाया.'

"काय लिवलंस रं?" तात्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"आन् घाम किती गेला, त्ये लिवलंस का?"

पण लेले सरांना माझा कागद पसंत पडला. त्यांनी माठ उचलून तात्यांच्या शेजारीच ठेवायला लावला. आठवड्यात दिवसाला दोन साचे वाढले. सर खूश!

मी तात्यांना म्हटलं, "बरं झालं ना? आता उठायलाही नको."

"व्हय की," तात्या म्हणाले. "माठापतूर जाताना पाठ तेवडी सरळ व्हायची. आता ती बी न्हाई."

* * *

आमच्या वर्गात इस्लामपूरचा मोहिते होता. घरी ऊस, थोरला भाऊ निवृत्ती पलटणीत. मोहितेचे मामा आष्ट्याचे. त्यांचं गुऱ्हाळ चालू होतं, म्हणून सर आम्हाला तिकडे घेऊन गेले. उसाचा गूळ होईपर्यंत कोण किती पावलं चालतं, ते आम्ही मोजून काढलं. भट्टीत चिपाडं घालणारा गडी ढिगापासून भट्टीपर्यंत दिवसभर नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

"हे वाया जातंय," सर म्हणाले. "ढीग भट्टीजवळ घ्या."

मामा जरा घुटमळले. "आवं सायेब, चुलते-आजे ढीग लांबच घालत आल्यात."

"का?"

"त्ये काय कुनी सांगितलं न्हाई."

भाच्याचे मास्तर म्हणून मामांनी शब्द मानला. ढीग जवळ आला. आम्ही नव्या पावलांचा हिशोब मांडत असतानाच भट्टीतून एक ठिणगी उडाली. वाळलेली चिपाडं ती! घटकाभरात ढीग गेला, वरचं छप्पर गेलं. माणसं वाचली एवढंच. काहिलीत अर्धा शिजलेला रस तसाच राहिला.

सर राखेकडे बघत उभे. मामा जवळ आले, डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "येळ लय वाचला, सायेब. आता सांच्यापतूर कायबी काम न्हाई."

* * *

दुसऱ्या वर्षी कारखान्याला नवी शेड बांधायची होती. तिचं प्लॅनिंग आमच्या वर्गाकडे आलं. भिंतभर कागद लावला. वर आठवडे, बाजूला कामं, आणि प्रत्येक कामापुढे पेन्सिलीची आडवी रेघ. पाया अमक्या आठवड्यात, सिमेंट तमक्या, पत्रे त्यापुढे. काय देखणा दिसायचा तो तक्ता!

पण लढाई चालू होती. सिमेंटचं परमिट मिळेना. दर शनिवारी आम्ही सिमेंटची रेघ खोडायची आणि एक आठवडा पुढे काढायची. मग पत्र्यांची खोडायची, पुढे काढायची. पावसाळा आला नि गेला. परमिट मिळालं तर माल आणायला रेल्वेची वाघीण मिळेना. पुन्हा खोडरबर!

एका शनिवारी मोहिते खोडत असताना कागदच फाटला. सिमेंटच्या जागी हाताएवढं भोक, आणि भोकातून मागची पोपडे निघालेली भिंत. मोहिते घाबरून सरांकडे बघायला लागला.

सर तक्त्याजवळ गेले. चष्मा पुसून भोकातून बघितलं.

"राहू दे," म्हणाले. "एवढाच भाग खरा आहे."

* * *

हा किस्सा आम्ही फारसा सांगत नाही. पण सांगतो.

वार्षिक परीक्षेचा पेपर होता. चौथा प्रश्न असा: 'एकत्र काम करणाऱ्या पाचजणांतला एक कुशल माणूस अचानक कमी झाला, तर त्याचं काम उरलेल्यांत कसं वाटाल?' मोहिते मान खाली घालून लिहीत होता. शिपाई दारात आला आणि त्यानं सरांच्या हातात तार दिली. सरांनी वाचली, घडी केली आणि स्टॉपवॉचच्या खिशात ठेवली.

पेपर संपल्यावर सरांनी मोहितेला थांबवून तार दिली. इस्लामपूरहून आली होती. भाऊ निवृत्ती लढाईत कामी आला.

मोहितेनं ती दोनदा वाचली. "सर, ही कवा आली?"

"साडेअकराला. तुझा पेपर बुडू नये, म्हणून मी..."

"म्हंजी चौथा प्रश्न लिवत हुतो तवा." मोहितेनं तार खिशात घातली. "तो बरुबर लिवलाय, सर. आता घरी जाऊन त्येच करायचंय."

सर त्याच्याबरोबर सर्व्हिस मोटारीनं इस्लामपूरला गेले. मोहिते परत आला नाही. त्या पेपरात तो पहिला आला होता!

* * *

लढाई संपली, आणि आमच्या कोर्सचं शेवटचं प्रात्यक्षिक आलं. सर म्हणाले, "कल्पना करा, निम्म्या ऑर्डरी रद्द झाल्या. एकशे ऐंशी माणसांचं काम एकशे वीस माणसांत बसवून दाखवा." कारखान्याच्या ऑफिसातून कामगारांच्या बिल्ल्यांचे नंबर आले, नावं नव्हती. दहाजणांनी आठवडाभर डोकं चालवलं आणि नको असलेले साठ नंबर काढले. माझं अक्षर चांगलं, म्हणून त्या साठांची पक्की यादी मी लिहिली. बोरूनं, मोठ्या वळणदार आकड्यांत. वीसपैकी अठरा मार्क!

पुढच्या सोमवारी कारखान्याच्या फाटकावर गर्दी दिसली. जवळ जाऊन बघतो तर फळ्याला माझी यादी. तीच. वर फक्त कारखान्याच्या साहेबाची सही आणि शिक्का.

गर्दीत गणू होता. हा आटपाडीकडचा. मेंढरं दुष्काळात गेली म्हणून कारखान्यात लागलेला, भट्टीला लोखंड वाहायचा, आणि दुपारी मी दिसलो की परीक्षेची चौकशी करायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानं कंबरेचा पितळी बिल्ला काढला होता आणि तो यादीतल्या एकेका आकड्याशेजारी धरून, वळण जुळतंय का बघत, वरून खाली सरकत होता.

मला बघून म्हणाला, "बरं झालं आलास, गड्या. ह्यो हाय का बग रं ह्यात."

बिल्ल्यावर एकशे सतरा. मला शोधावं लागलं नाही.

"आहे," मी म्हटलं.

"कुटं?"

मी बोट ठेवलं. त्यानं बिल्ला तिथं नेला आणि तीनही आकडे नीट जुळवून पाहिले.

"हाय खरं." मग जरा मागे सरून त्यानं सगळा कागद न्याहाळला. "आकडं मातर लय झ्याक काडल्यात. कुनाचा रं हात ह्यो?"

"माझा."

गणूनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग बिल्ला माझ्या हातात ठेवून म्हणाला,

"मंग पास झालास न्हवं?"